स्क्रीन गार्ड बसवणी: प्रकल्प नोंदी

उपकरणे: सामायिक वापरातले फोन (सपाट पडद्याचे आणि वळलेल्या कडांचे), स्टायलसचे टॅबलेट, हातातले गेम कन्सोल, ई-रीडर आणि बारकोड वाचणारी जुनी टर्मिनल.
काम: प्रत्येकासाठी गार्ड ठरवणे, बसवणे, बदलायची पद्धत लावून देणे.

३ जून – यादी

यादीत इंचांचा रकाना ठेवलेला नाही. इंच म्हणजे फक्त कर्ण. कर्ण सारखा असला तरी कोपऱ्यांची गोलाई, कॅमेऱ्याच्या छिद्राची जागा आणि लांबी-रुंदीचे प्रमाण मॉडेलगणिक बदलते. म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक आणि शेजारी तीन रकाने: पडद्याचा सर्वांत वरचा थर कशाचा आहे, स्पर्श कसा ओळखला जातो, बोटाच्या ठशाचा सेन्सर पडद्याखाली आहे का. कोणता गार्ड घ्यायचा ते बहुतांशी इथेच ठरते. पाकिटावर काय छापलेय ते नंतर बघायचे.

पहिल्या रकान्याने यादीचा क्रमच बदलला. निन्टेन्डो स्विचच्या पहिल्या, ६.२ इंची एलसीडी मॉडेलचा वरचा थर प्लास्टिकचा आहे. त्यावर चरे सगळ्यांत लवकर पडतात, म्हणून त्याचा नंबर पहिला. ७ इंची ओलेड स्विचवर काच आहे आणि काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून कारखान्यातच वर एक पातळ फिल्म लावलेली आहे. ती काढायची नाही, अशी कंपनीचीच सूचना आहे. कडेला नख लावून 'जुना गार्ड' म्हणून कोणी ओढायला जाऊ नये यासाठी यादीत लाल खूण केली.

घडीच्या फोनचा आतला पडदा या कामातून वगळला. त्यावरची फिल्म हा पडद्याचाच भाग असतो. सॅमसंगच्या पहिल्या गॅलक्सी फोल्डच्या वेळी, एप्रिल २०१९ मध्ये, काही समीक्षकांनी ती साधा गार्ड समजून सोलली आणि पडदे बंद पडले. फोन बाजारात यायचा लांबला तो सप्टेंबरपर्यंत. बाहेरच्या छोट्या पडद्याला गार्ड चालेल, आतल्याला नाही.

५ जून – पाकिटावरचे '९एच'

मागवलेल्या नमुन्यांतल्या जवळजवळ प्रत्येक काचेवर ९एच छापलेले आहे, त्यामुळे निवडीला त्याचा उपयोग शून्य. हा आकडा पेन्सिल कसोटीचा आहे: ठरावीक वजनाखाली, ४५ अंशांच्या कोनात पेन्सिल ओढायची आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहायचे. ही कसोटी मुळात रंगाच्या थरांसाठी. पेन्सिलींची मालिका ९एचला, म्हणजे सर्वांत कडक पेन्सिलीला संपते, त्यामुळे साधी खिडकीची काचसुद्धा त्यात उत्तीर्ण होईल. खनिजांच्या मोह्स मापनातल्या ९ शी याचा काही संबंध नाही. तिथे ९ वर कुरुंद आणि नीलम येतात. काच त्या मापनावर साडेपाच-सहाच्या आसपास आणि वाळूतले क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे खिशातल्या किल्ल्यांनी काचेवर सहसा काही होत नाही, ओरखडे पडतात ते किल्ल्यांना चिकटून आलेल्या वाळूच्या कणांनी. हे गार्डच्या काचेलाही लागू आहे आणि पडद्याच्या काचेलाही. फरक इतकाच की गार्ड बदलता येतो.

'टेम्पर्ड' या शब्दाचेही तसेच. जाड काच तापवून हवेच्या झोताने थंड करतात तेव्हा ती टेम्पर होते, ०.३३ मिमी काचेत पृष्ठभाग आणि गाभा यांच्या तापमानात तेवढा फरकच पडत नाही. ही काच रासायनिक पद्धतीने कडक करतात: सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवली की पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर येतात आणि आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन त्यांची जागा घेतात. पृष्ठभाग दाबाखाली राहतो, त्यामुळे बारीक तडे उघडत नाहीत. पण कडेला टवका असेल तर हा दाब तिथे तुटलेला असतो. म्हणून नमुन्यांची तपासणी ठरली ती अशी: काच कागदातून न काढता चारही कडांवर नख हलके फिरवायचे. नख कुठे अडखळले तर ती काच बाद. पहिल्या पडण्यात तडा तिथूनच सुरू होणार.

६ जून – काय कशाला

सपाट काचेचे फोन: ०.३३ मिमी काच, २.५डी म्हणजे कडा गोलावलेली, मागे पूर्ण पृष्ठभागावर चिकट थर असलेली. फक्त कडेला गोंद असलेल्या काचा घ्यायच्या नाहीत. मध्ये हवेची फट राहते, स्पर्शाचा सिग्नल कमजोर होतो, पडद्यावर ठिपक्यांची जाळी दिसते आणि कडेने धूळ आत जाते ती कायमची.

वळलेल्या कडांचे फोन: टीपीयू (रबरासारखे लवचीक प्लास्टिक) फिल्म. दुसरा पर्याय यूव्ही (अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या) गोंदाची काच. द्रव गोंद ओतून ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या दिव्याने कडक करतात. चिकटते उत्तम, दिसतेही उत्तम. पण फोन पूर्ण समपातळीत नसेल तर गोंद इअरपीसच्या जाळीत किंवा बटणांच्या फटीत उतरतो आणि दिवा लावला की तिथेच घट्ट होतो. सामायिक उपकरणांना, जिथे गार्ड पुन्हा पुन्हा बदलायचा आहे, हा धोका घ्यायचे कारण नाही.

प्लास्टिक पडदा: काच चालते, चिकट थर सिलिकॉनचा हवा.

रेझिस्टिव्ह टर्मिनल: पातळ पीईटी (पॉलिएस्टर प्लास्टिक) फिल्मच. हा पडदा दाबाने चालतो; वरचा लवचीक थर खालच्या थराला टेकला तरच स्पर्श नोंदला जातो. वर काच लावली की संपले. निन्टेन्डो ३डीएसच्या खालच्या पडद्याचेही हेच.

प्रायव्हसी फिल्टर नाकारला. त्यात खिडकीच्या झडपांसारख्या अतिसूक्ष्म उभ्या पट्ट्या असतात; बाजूने पाहणाऱ्याला काळे दिसते, पण समोरून पाहणाऱ्यालाही उजेड कमी मिळतो. मग ब्राइटनेस वाढवायचा आणि बॅटरी लवकर संपवायची. शिवाय फक्त डाव्या-उजव्या बाजूने झाकणाऱ्या फिल्टरचा फोन आडवा धरला की उपयोग जातो.

पीईटी फिल्मबद्दल एक नोंद: ताणून बनवलेल्या पीईटीमुळे पोलराइज्ड चष्म्यातून पडद्यावर इंद्रधनुषी पट्टे दिसतात. उन्हात काम करणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवायचे, नाहीतर पडदा बिघडल्याची तक्रार येते.

९ जून – जागा आणि सामान

खोली छोटी, पंखा आणि एसी बंद. बंद केल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटे कोणी आत-बाहेर करायचे नाही, म्हणजे उडालेली धूळ खाली बसते. टेबल ओल्या फडक्याने पुसलेले. वर टॉवेल किंवा सुती चादर अंथरायची नाही, तंतू तिथूनच येतात. लोकरी कपडे नकोत, बाह्या कोपरापर्यंत वर. हवा थोडी दमट असलेली बरी, कारण गार्डच्या मागचा पापुद्रा सोलताना स्थिर वीज तयार होते आणि कोरड्या हवेत ती धुळीला ओढून घेते. खोली फार कोरडी असेल तर आधी गरम पाण्याची बादली ठेवून दार लावून घ्यायचे.

सामान, प्रत्येक टेबलाला: ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे पुसणे, दोन मायक्रोफायबर कापडे (एक ओल्यानंतरचे, एक शेवटचे, अदलाबदल नाही), धूळ उचलायचे स्टिकर किंवा चांगली पारदर्शक चिकटपट्टी, रबरी ब्लोअर, कागदी मास्किंग टेप, प्लास्टिकचे जुने कार्ड, आणि आडवा प्रकाश टाकायला छोटी टॉर्च. तोंडाने फुंकायचे नाही, थुंकीचे थेंब उडतात. दाबलेल्या हवेचा डबाही नको. तिरका झाला की आतला द्रव बाहेर येऊन डाग पडतो.

१० जून – सपाट फोन, काच

ठरलेली रीत लिहून टेबलावर लावली.

फोन बंद. काळ्या पडद्यावर धूळ दिसते, उजळलेल्यावर दिसत नाही. कव्हर काढायचे, पण त्याआधी एक कोरडी चाचणी: काच पापुद्र्यासकट पडद्यावर ठेवून वर कव्हर चढवून पाहायचे. कव्हरची कड काचेला लागत असेल तर ती काच तिथेच बाजूला. चिकटवल्यावर हे कळून उपयोग नाही, कारण कव्हर काचेची कड रोज थोडी थोडी उचलत राहते.

मग बिजागरी. काच पापुद्र्यासकट जागेवर बसवायची. कॅमेऱ्याचे छिद्र, इअरपीस आणि दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा जुळवायच्या. नजर बरोबर वरून हवी, तिरकी पाहिली तर काच अर्धा मिलिमीटर सरकलेली असूनही सरळ वाटते. जुळले की एका लांब बाजूला मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या, अर्ध्या काचेवर आणि अर्ध्या फोनच्या मागे वळवलेल्या. आता काच वहीच्या पानासारखी उघडते आणि मिटली की त्याच जागी येते. किटमध्ये प्लास्टिकची चौकट आली असेल तर बिजागरी नको, चौकट पुरते. मात्र चौकट त्याच मॉडेलची आहे ना ते पाहायचे.

काच उघडी ठेवून पडदा अल्कोहोलने पुसायचा, लगेच कोरड्या कापडाने, कडांपासून मध्याकडे नाही तर मध्यापासून बाहेर. टॉर्च टेबलाच्या पातळीत आडवी धरायची. या प्रकाशात जे कण समोरून अजिबात दिसत नाहीत ते पांढरे चमकतात आणि प्रत्येकाची लांब सावली पडते. स्टिकरने एकेक कण टिपायचा. कापडाने पुन्हा पुसायचा मोह टाळायचा: कापड दहा कण नेते आणि दोन आणून ठेवते.

पडदा साफ झाल्यावरच '१' लिहिलेला पापुद्रा काढायचा, हळूहळू, एका सलग ओढीने. चिकट बाजूला बोट लावायचे नाही. काच मिटवायची आणि सोडायची. दाबायचे नाही. मध्यभागी एकदा बोट टेकवले की चिकट थर स्वतःच पसरत जातो. काळी ओली कड मध्यापासून बाहेर सरकताना स्पष्ट दिसते. ती वाटेत थांबली तर तिच्या पुढच्या बाजूला हलका दाब. कडांकडून दाबत आत आले की हवा मध्ये कोंडते. शेवटी टेप काढायची, वरचा '२' नंबरचा पापुद्रा काढायचा.

११ जून – बुडबुडे

कालच्या फोनवर दोन प्रकारचे बुडबुडे आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा. नुसत्या हवेचा बुडबुडा गोल, कड मऊ, मध्ये काही नाही. कार्डावर मायक्रोफायबर गुंडाळून कडेकडे ढकलला की जातो. टाचणीच्या टोकाएवढे उरलेले सिलिकॉन थरात एक-दोन दिवसांत आपोआप मुरतात, त्यांच्या मागे लागायचे नाही. धुळीचा बुडबुडा मात्र तंबूसारखा असतो: मधोमध एक कण आणि त्याभोवती हवेचे कडे. दाबला की लहान होतो, हात काढला की परत तेवढाच. तो कधीच जात नाही.

त्यासाठी काच जवळच्या कोपऱ्यातून उचलायची, कार्ड आत सरकवून, फक्त कणापर्यंत. पूर्ण काढायची नाही, जुळणी जाते. चिकटपट्टीचा एक तुकडा काचेच्या चिकट बाजूवरून कण उचलायला, दुसरा पडद्यावरून. सिलिकॉन थर पट्टीने खराब होत नाही, पट्टी वेगळी होते आणि कण तिच्यावर येतो. हेच अॅक्रिलिक गोंदाच्या स्वस्त फिल्मवर केले तर गोंदाचा पापुद्राच निघतो. काच फार वाकवली तर ०.३३ मिमीची काच कोपऱ्यातून कडकन तुटते. तीस अंशांच्या पलीकडे कोन न्यायचा नाही.

कडेने सलग पांढरी रेघ दिसत असेल तर तो बुडबुडा नाही. पडद्याची काचच कडेला किंचित उतरती आहे आणि सपाट गार्ड तिथे टेकत नाही. दाबून काही होत नाही. अरुंद गार्ड मागवणे हा एकच उपाय.

१३ जून – वळलेल्या कडा, टीपीयू

ही ओली बसवणी. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब. शाम्पू जास्त झाला तर फिल्म दिवसभर सरकत राहते. फोन बंद, चार्जिंगचे छिद्र आणि स्पीकर टेपने झाकलेले. फवारा फोनवर मारायचा नाही. फिल्मच्या चिकट बाजूवर आणि स्वतःच्या बोटांवर मारायचा.

फिल्म ठेवून जुळवायची, मग स्क्वीजीने (पाणी ओढायच्या रबरी पट्टीने) मध्यापासून कडांकडे. आधी मध्य पूर्ण घट्ट, मग दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. कडा लगेच दाबल्या तर उडून वर येतात, कारण खाली पाणी असेपर्यंत गोंद पकड घेत नाही. थोडे सुकल्यावर कड अंगठ्याने वळवून धरायची, तरी उठत असेल तर हेअर ड्रायरची मंद ऊब. फिल्म ओढायची नाही. टीपीयू ताणला जातो आणि नंतर आकसून कड सोडतो.

बारा तास तरी फोन चालू करायचा नाही, चार्जिंगलाही लावायचा नाही. फिल्म दुधाळ दिसेल, बारीक पाण्याचे फोड दिसतील. दोन-तीन दिवसांत निवळतात, क्वचित आठवडा लागतो. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत राहतो, तो टीपीयूचा स्वभाव आहे. बारीक ओरखडे भरून येतात हे खरे, पण पृष्ठभागावरचे दबलेले. कापला गेलेला थर भरत नाही.

१६ जून – बोटांचे ठसे

काच लावल्यावर ठसा न ओळखण्याच्या तक्रारी आल्या. ऑप्टिकल सेन्सर बोटाचे चित्र घेतो, स्वच्छ काच असेल तर बहुधा चालतो. अल्ट्रासोनिक सेन्सर ध्वनिलहरी पाठवतो आणि त्यांना हवेची फट पार होत नाही. सेन्सरच्या जागेवर एखादा बुडबुडा असला तरी ठसा मिळत नाही. अशा फोनांना टीपीयू किंवा त्या मॉडेलसाठीच बनवलेली पातळ काच.

क्रम महत्त्वाचा: गार्ड बसवा, टीपीयू असेल तर पूर्ण सुकू द्या, जुने ठसे पुसून टाका, टच सेन्सिटिव्हिटीची सेटिंग असेल तर चालू करा आणि मगच ठसे नव्याने नोंदवा. नोंदवल्यावर दुसऱ्या माणसाच्या बोटाने फोन उघडून पाहणे सक्तीचे केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी एस१० वर काही सिलिकॉन आवरणांच्या आतल्या बाजूचे उठावदार नक्षीकामच ठसा म्हणून नोंदले जात होते आणि कोणाच्याही बोटाने फोन उघडत होता. कंपनीला त्यासाठी अपडेट द्यावे लागले. आत ठिपक्यांची नक्षी असलेले गार्ड म्हणून नकोत.

१८ जून – टॅबलेट आणि कन्सोल

टॅबलेटवर स्टायलसने लिहायचे आहे, म्हणून मॅट फिल्म. कागदासारखा खरखरीतपणा मिळतो, बदल्यात दोन गोष्टी द्याव्या लागतात: स्टायलसचे टोक लवकर झिजते आणि दाट पिक्सेलच्या पडद्यावर पांढरा भाग चमचमल्यासारखा दिसतो. फोटो तपासायच्या टॅबलेटना मॅट लावलेले नाही. मोठ्या पडद्यावर बिजागरी लांब बाजूलाच, तीन पट्ट्यांची.

स्टीम डेक या हातातल्या कन्सोलमध्ये फरक केला. पहिल्या एलसीडी मालिकेतल्या ५१२ जीबीच्या मॉडेलची काच चकाकी मारण्यासाठी कोरलेली आहे. तिच्यावर गुळगुळीत गार्ड लावला की चिकट थर त्या सूक्ष्म खळग्यांत भरतो आणि पडदा पुन्हा आरशासारखा चकाकतो. जास्तीचे पैसे ज्या काचेसाठी मोजले तीच झाकली जाते. त्यांना मॅट गार्ड किंवा काहीच नाही. बाकीच्यांना साधी काच.

२० जून – टर्मिनल आणि ई-रीडर

टर्मिनलसाठी तयार फिल्म मिळत नाही, म्हणून ०.१ मिमी पीईटीच्या तावातून कापणी. दिसणारा भाग स्टीलच्या पट्टीने मोजून प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर कमी. कड चौकटीत अडकली तर फिल्म फुगते आणि रेझिस्टिव्ह पडद्याला तो सततचा दाब वाटतो, कर्सर आपोआप एका कोपऱ्यात जाऊन बसतो. चारही कोपरे गोल कापायचे, चौकोनी कोपरा बोटाने उचकटतो. बसवल्यावर टचचे कॅलिब्रेशन पुन्हा.

ई-रीडरना गार्ड नाही, घडीचे कव्हर. पडदा मुळात मॅट आहे. वर आणखी थर दिला की अक्षरांची धार जाते. ज्या जुन्या मॉडेलांत स्पर्श ओळखणारे अवरक्त किरण पडद्यालगत आडवे फिरतात, तिथे उचललेली कड त्यांना अडवते आणि पाने आपोआप उलटू लागतात.

२७ जून – पाहणी

कॉलच्या वेळी पडदा काळा होऊन परत न उजळणाऱ्या फोनांत काचेची छापील काळी पट्टी प्रॉक्सिमिटी सेन्सरवर (फोन कानाजवळ आहे का ते ओळखणाऱ्या) आली आहे. काच सेन्सरपासून दूर सरकवून चालत नाही, बदलायची. पुढच्या मागणीत त्या मॉडेलसाठी छापील पट्टी नसलेली पारदर्शक काच.

पुसण्याबाबत: पाण्याचा एक थेंब पडद्यावर टाकून बघितला. नव्या गार्डवर तो मण्यासारखा उभा राहतो, रोज अल्कोहोलने पुसल्या जाणाऱ्यांवर पसरू लागलाय. तेलकटपणा झटकणारा फ्लोरोपॉलिमरचा थर झिजतो तो असा. सामायिक उपकरणे पुसावी तर लागणारच. झीज गार्डवर होतेय, पडद्यावर नाही, त्यामुळे पुसणे कमी करायची सूचना दिलेली नाही. थेंब पूर्ण सपाट झाला की गार्ड बदलायच्या यादीत.

४ जुलै – काढणे

तडा गार्डला आहे की पडद्याला, हे आधी ठरवायचे: कडेचा एक कोपरा किंचित उचलून तड्याची रेघ काचेबरोबर वर येते का पाहायची.

फुटलेल्या काचेवर आधी रुंद पॅकिंग टेप आडवी-उभी चिकटवायची, म्हणजे तुकडे एकत्र निघतात. डोळ्यांवर चष्मा. हेअर ड्रायर कमी तापमानावर, अर्धा मिनिट, एका जागी न थांबवता. न तडकलेल्या कोपऱ्यातून प्लास्टिकचे कार्ड, मग दात साफ करायचा दोरा काचेखालून करवतीसारखा ओढत न्यायचा. चाकू, स्क्रू ड्रायव्हर, ब्लेड टेबलावर ठेवायचेच नाही. राहिलेला गोंद अंगठ्याने लोळवून गोळ्या करायच्या, उरलेले अल्कोहोलने.

प्लास्टिकच्या पडद्याच्या स्विचवर ड्रायर वापरायचा नाही. तिथे फक्त दोरा आणि सावकाशपणा.

११ जुलै – साठा

सपाट फोनांच्या काचा प्रत्येक मॉडेलमागे दोन जास्तीच्या ठेवल्या, उभ्या, पुठ्ठ्याच्या घडीत; आडव्या थप्पीत खालच्या काचांच्या कडांना टवके पडतात. टीपीयूचे ताव सपाट आणि सावलीत. पाकिटावर मॉडेल क्रमांक आणि कव्हरचा प्रकार हाताने लिहिला, कारण 'कव्हरसोबत चालेल' असे छापलेल्या दोन काचा कोरड्या चाचणीत कव्हरला लागल्या. वळलेल्या कडांच्या फोनांपैकी ज्यांची खालची कड अजून उठते आहे ते सोमवारी पुन्हा ऊब देऊन पाहायचे. नाही बसली तर फिल्म कडेपासून एक मिलिमीटर आत कापून घ्यायची.